योरुनची वही

व्हार्दोच्या बेटावर जूनमध्ये रात्र होत नाही.
सूर्य समुद्रावर टेकल्यासारखं करतो
आणि पुन्हा उठतो,
अंथरूण नको असलेल्या पोरासारखा.

योरुनने खिडकीला चिकटवलाय
स्वयंपाकघरातला चंदेरी कागद,
त्यावर घोंगडी, घोंगडीवर नवऱ्याचा रेनकोट.
नवरा खेकड्यांच्या बोटीवर. परतायला अकरा दिवस.
ती दार उघडते तेव्हा स्वेटर उलटा
आणि हातात वही.

"वाचा," म्हणते. या, बसा, काही नाही.

बारा चाळीस. उठला. प्यायला.
दोन पाच. उठला. का ते कळलं नाही.
तीन सतरा. उठला. मी रडले. मग तो थांबला.
चार.
चारच्या पुढे कोरं.

"माझं चुकतंय कुठे?"

एकतीस वर्षं मी ह्या बेटावर बाळं तोलते आहे.
ह्या प्रश्नाचं वजन मला पाठ आहे:
साधारण साडेचार किलो,
आणि तो खांद्यावरून खाली ठेवता येत नाही.

बंदरावरचे लोक भरती-ओहोटीचा तक्ता वाचतात
तशी मी वही वाचते.
समुद्राच्या चुका कोण काढतं?

"सहा आठवडे झालेत फक्त.
आयलिफला अजून कुणी सांगितलेलं नाही
की दिवस वेगळा नि रात्र वेगळी.
तुझ्या पोटात एकच ऋतू होता.
आणि इथं त्याला सांगणार तरी कोण? बाहेर बघ!"

ती बघत नाही.
खिडकीवर रेनकोट आहे.

"पोट एवढंसं. रितं झालं की हाक.
मध्येच कण्हेल, पाय झाडेल,
कुणालातरी ओळखल्यासारखं हसेल.
तीही झोपच. लगेच उचलू नकोस.
चार श्वास थांब.
तुझे चार, त्याचे नाहीत."

"समोरची रांदी म्हणते, तिची मुलगी रात्रभर गाढ."

रांदीच्या घरीही मी जाते.
तिथल्या वहीत काय आहे ते मी सांगत नाही.
कॉफीचा घोट घेते,
जरा लांबवून.

योरुन पहिल्यांदा हसते.

"पुढे?"
"पुढे जुळेल. मग दात येतील, मोडेल.
पुन्हा जुळेल, तर हा चालायला लागेल.
दीड वर्षाचा होऊन मध्यरात्री
पाळण्याचे गज धरून उभा राहील आणि ओरडेल: कुत्रा!
कुत्रा कुठेच नसेल.
नवा शब्द असेल, ठेवायला जागा नसेल."

तिला जे सांगत नाही ते हे:
मी बासष्ट वर्षांची, मीसुद्धा तीनला उठते.
उशीची थंड बाजू वर घेते,
भिंत जागेवर आहे का, हाताने चाचपते,
कूस बदलते,
आणि सकाळी विचारलंत तर म्हणेन, छान लागली झोप.
सगळेच उठतो आपण.
आयलिफला भिंतीची अजून खात्री नाही, इतकंच.
म्हणून तो विचारतो. मोठ्याने.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेले.
रेनकोट खिडकीवरून उतरलेला, खुंटीवर, ओला.
घरभर माशांचा आणि माणसाचा वास.
वहीत एकच ओळ:
एक दहा ते पाच वीस. झोपला.

खाली दुसऱ्या शाईत, बारीक:
मी जागी. चारदा नाकाखाली बोट धरून पाहिलं.

"हे तरी नॉर्मल आहे का?"

मागच्या नाताळात आस्लाक घरी आला होता,
चौतीस वर्षांचा, दाढीवाला,
जिन्यावर डोकं आपटणारा माझा मुलगा.
बाहेर दोन महिन्यांचा अंधार,
आणि तीन वाजता मी त्याच्या दाराशी अनवाणी उभी,
घोरणं ऐकू येईपर्यंत.

"हो," मी म्हणते.
"कपडे काढ त्याचे. वजन घेऊ."